जुळ्यांवरचं संशोधन वाचताना या चुका टाळा

माझ्या मामेबहिणीला आवळ्याजावळ्या मुली झाल्या तेव्हा दवाखान्यात सांगितलं की दोघींची वार (प्लासेंटा) वेगळी आहे म्हणजे या एकसारख्या जुळ्या नाहीत, आणि सहा वर्षं सगळं घर तेच धरून चाललं. मग शाळेत बाई रोज एकीच्या वहीवर दुसरीचं नाव घालायला लागल्या, शेवटी डीएनए टेस्ट केली तर निघाल्या एकाच बीजाच्या!

पहिली चूक हीच. एकबीज (एकाच बीजातून झालेल्या) जुळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश जोड्यांची वार वेगळी असते, आणि उलट द्विबीज (दोन वेगळ्या बीजांच्या) जुळ्यांच्या दोन वारी चिकटून एकच दिसू शकतात. त्यामुळे वार बघून ठरवू नका, टेस्ट करा. सगळं गणित याच्यावरच उभं आहे, कारण एकबीज जुळ्यांचे जीन जवळपास शंभर टक्के सारखे असतात आणि द्विबीजांचे, साध्या भावंडांसारखे, सरासरी निम्मे.

दुसरी चूक म्हणजे "घराण्यातच आहे" म्हणून थेट जीनवर जाणं. खाण तशी माती म्हणतो आपण, पण आमच्याकडे तीन पिढ्या आमटीत गूळ पडतो त्याचा काही जीन नाहीये. एका घरात जीनही एक आणि वातावरणही एक, नुसत्या कुटुंबाच्या अभ्यासातून ते सुटं करता येत नाही, म्हणून तर जुळी किंवा दत्तक मुलं लागतात.

आता प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी, कारण इथे मुलं फार अडकतात. आनुवंशिकता म्हणजे लोकांमधल्या फरकांपैकी किती वाटा जीनमुळे पडतो तो आकडा. तिचा साधा फॉर्म्युला असा की एकबीजांच्या साम्यातून (जोडीतल्या दोघांचे आकडे किती जुळतात, 0 ते 1) द्विबीजांचं साम्य वजा करा आणि दुप्पट करा. समजा 0.80 आणि 0.50 आलं तर आनुवंशिकता 0.60, घरातल्या सामाईक वातावरणाचे 0.20 (0.80 वजा 0.60), उरलेल्या 0.20 मध्ये प्रत्येकाचे स्वतःचे अनुभव आणि मोजमापातली चूकसुद्धा. पण द्विबीजांचं 0.30 आलं की उत्तर थेट 1 येतं आणि सामाईक वातावरण उणे 0.20, आणि मग मुलं घाबरून आकडे परत परत टाकत बसतात. अशा वेळी मोजलं कोणी ते बघा. चंचलपणाचा फॉर्म आईने भरला असेल तर ती द्विबीज मुलांची आपसात तुलना करून एकाला फार शांत आणि दुसऱ्याला फार धडपड्या लिहिते, त्याने साम्य खोटं खोटं कमी दिसतं. मेंदूचे स्कॅन असतील तर वय आणि लिंगाचा परिणाम आधी वेगळा काढा. जुळ्यांचं वय एकच असतं, तेव्हा 8 ते 60 वर्षांच्या जोड्या एकत्र घातल्या की नुसत्या वयामुळेच साम्य फुगतं.

2015 मध्ये पन्नास वर्षांचे जुळ्यांचे अभ्यास एकत्र करून सरासरी आनुवंशिकता 49 टक्के निघाली, त्यात 1 कोटी 45 लाख जोड्या होत्या. याचा अर्थ तुमचा निम्मा स्वभाव आईवडिलांकडून आला असा लावू नका प्लीज. तो आकडा त्या लोकांमधल्या फरकांचा आहे, एका माणसाचा नाहीच. हाताला पाच बोटं जीनमुळेच येतात, तरी बोटांच्या संख्येची आनुवंशिकता जवळपास शून्य निघेल, कारण फरक पडतो तो बहुतेक अपघातामुळे. आणि परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो, अमेरिकेत 2003 च्या एका अभ्यासात गरीब घरांतल्या सात वर्षांच्या जुळ्यांत बुद्ध्यांकाची आनुवंशिकता शून्याजवळ आली होती आणि सुखवस्तू घरांत भरपूर.

शेवटची चूक मला सगळ्यात जास्त लागते. मुलीच्या काकांना स्किझोफ्रेनिया (एक गंभीर मानसिक आजार) आहे कळलं की स्थळ परत जातं. अहो, एकबीज जुळ्यांमध्येसुद्धा एकाला झाला तर दुसऱ्याला होतो तो साधारण निम्म्याच जोड्यांत, आणि आई किंवा वडिलांना आजार असला तरी शंभरातल्या साधारण 87 मुलांना होत नाही. काका तर त्याहून लांबचे. बघायला येणाऱ्यांनी विचारलंच तर लपवू नका, हे आकडे समोर ठेवा आणि काकांची औषधं नीट चालू आहेत तेही सांगा.