तूर-हरभऱ्यावर घाटेअळी: अंधार पडताना बांधावर थांबा

आभाळ भरून आलंय. तूर फुलोऱ्यात आहे, हरभरा घाटे धरायच्या बेतात आहे. शेंगा आणि घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) पोखरणाऱ्या घाटेअळीला याहून सोयीचे दिवस नाहीत, त्यामुळे उद्यावर ढकलू नका.

दरवर्षी पीक जातं ते एकाच कारणाने. शेताची फेरी सकाळी होते आणि दिवेलागणीला सगळे घरी. या अळीचा पतंग मात्र रात्री उडतो, रात्रीच अंडी घालतो. घाट्याला भोक दिसेपर्यंत अळी मोठी झालेली असते आणि मोठी अळी औषधाला दाद देत नाही.

म्हणून दिवस मावळल्यावर अर्धा तास बांधावर उभे राहा आणि वर बघा. लहान वटवाघळं पिकाच्या शेंड्यालगत एकाच पट्ट्यात पुन्हा पुन्हा गिरक्या घेत असतील, तर तिथे किडे उडताहेत. ती २० किलोहर्ट्झच्या वरच्या हाका सोडतात, आपल्या कानाला त्या कळत नाहीत. किड्यावर आदळून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून त्यांना तो किती लांब, कोणत्या बाजूला, हे समजतं. शोधताना सेकंदाला दहा-बारा हाका. किडा टप्प्यात आला की दीडशेच्या वर, आणि मग ती अचानक गिरकी. घाटेअळीच्या पतंगालाही कान आहेत. हाक ऐकली की तो वाट बदलतो, खाली झेपावतो, त्यामुळे बऱ्याच झडपा फुकट जातात.

गिरक्या दिसल्या त्या पट्ट्यात दुसऱ्या सकाळी शेंडे आणि कळ्या उलटून अंडी बघा. गिरक्यांवरून पट्टा ओळखणं हा माझा अनुभवाचा अंदाज आहे. वर चिलटंही असू शकतात. फवारणी ठरवायची ती सापळ्यावरून आणि अळ्या मोजूनच.

- कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे): हेक्टरी ५, ल्यूर म्हणजे त्यातली वासाची गोळी वेळेवर बदला
- पक्षीथांबे (अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या): हेक्टरी २०
- तूर: खाली पोतं पसरून झाड हलवा, पडलेल्या अळ्या नष्ट करा
- फुलोरा सुरू होताना: निंबोळी अर्क ५ टक्के
- लहान अळ्या: एचएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावणारा विषाणू) हेक्टरी २५० एलई (त्याच्या मात्रेचं माप), संध्याकाळीच
- सलग ३ दिवस रोज एका सापळ्यात ८ ते १० पतंग, किंवा हरभऱ्यात मीटरभर ओळीत १-२ अळ्या: इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, ४.४ ग्रॅम १० लिटर पाण्यात

दुकानदार सोबत टॉनिक आणि दोन-तीन औषधांचा कॉम्बो गळ्यात मारेल. घेऊ नका. पतंग पळवणारं आवाजाचं यंत्र कोणी दाखवलं तर त्या पैशांत सापळे आणि ल्यूर घ्या.

पडक्या विहिरीत, जुन्या वाड्यात धूर करून वटवाघळं हाकलू नका. रात्रभर किडे टिपणारी ही फौज फुकटची आहे. बागेतली फळं खाणारी मोठी वटवाघळं वेगळी. ती डोळ्यांवर आणि वासावर चालतात. त्यांचा राग लहानांवर काढू नका. हात मात्र कोणालाच लावू नका, मेलेल्यालाही नाही.

कडाक्याची थंडी पडली की वटवाघळं कमी उडतात. तेव्हा वर काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजून वहीत लिहा.