झांझिबारला किनारा निवडताना या चुका टाळा

टांझानियात, दार-ए-सलामला राहायला आल्यापासून नातेवाइकांची फुकटची ट्रॅव्हल एजन्सी माझ्या गळ्यात पडली आहे. फोन साधारण असा येतो: "अगं, झांझिबारची तिकिटं काढली, हॉटेलही झालं, आता सांग कुठला बीच चांगला?" सगळं ठरवून झाल्यावर विचारायचं, ही आपली जुनी खोड. हॉटेलचं नाव सांगितलं की पुढचे पाच दिवस कसे जाणार ते मला इथूनच दिसतं. तरी "छान आहे हं" म्हणण्याचा मोह आता आवरते.

पूर्व किनारा घेतात, भरती-ओहोटी बघत नाहीत

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात आणि सगळ्यात जास्त चिडतातही तेच. उंगुजा या झांझिबारच्या मुख्य बेटाचा पूर्व किनारा म्हणजे मातेम्वे, किवेंग्वा, ब्वेजू, पाजे, जांबियानी. इथे किनाऱ्यापासून बरंच आत प्रवाळाची भिंत, म्हणजे रीफ, आहे, काही ठिकाणी किलोमीटरभर तरी. भिंतीच्या अलीकडचा समुद्र उथळ आहे. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे ओहोटीला हा सगळा पट्टा उघडा पडतो. हॉटेलवाले फोटो काढतात भरतीला, तेही ड्रोनने. त्यात फसवणूक नाही, ते पाणीही खरंच आहे. फक्त ते दिवसभर तिथे नसतं.

माझा मावसभाऊ, वहिनी, दोन मुलं आणि वहिनीचे वडील जांबियानीला उतरले होते, मीही बरोबर होते. पौर्णिमेचा दिवस. नाश्ता आटोपून साडेदहाला खाली आलो तर समुद्र गायब. दादाने रिसेप्शनवर जाऊन "पाणी किती वाजता येतं?" असं सोसायटीच्या नळाची चौकशी करावी तशा सुरात विचारलं. मग त्याने ठरवलं की दूर ती फेसाची पांढरी रेघ दिसते, तिथपर्यंत चालत जायचं. मी म्हटलं, "दादा, जा, पण बाराच्या आत परत फिर." "अगं, घोट्याएवढं तर पाणी आहे!" काकांचे, म्हणजे वहिनीच्या वडिलांचे, गुडघे दुखत होते म्हणून मी त्यांच्याजवळ थांबले.

जांबियानीच्या त्या उघड्या पट्ट्यात बायकांची म्वानीची शेती असते. म्वानी म्हणजे समुद्री शेवाळ. वाळूत काठ्या रोवून त्यांना दोर ताणायचे आणि दोरांना शेवाळाचे तुकडे बांधायचे. ओहोटी लागली की बायका येतात, कमरेत वाकून काम करतात, आणि पाणी फिरलं की पोती डोक्यावर घेऊन निघतात. बाराच्या सुमाराला त्या निघाल्या. आमची मंडळी रीफवर फोटो काढत होती.

इथली वाळू सरळ उतरत जात नाही. किनाऱ्याला उंच, मध्ये खोलगट, आणि रीफजवळ पुन्हा उंच. भरती आधी खोलगट भाग भरते, म्हणजे तुमच्या पुढे नव्हे, तुमच्या पाठीमागे. दादा वळला तेव्हा पायाखाली कोरडं आणि परतीच्या वाटेवर कमरेएवढं पाणी होतं. धाकटा खांद्यावर, थोरलीच्या छातीपर्यंत पाणी, वहिनीची ओढणी म्वानीच्या दोरात अडकलेली, आणि दादाचा मोबाइलवाला हात आकाशात. मागे राहिलेली एक बाई ओरडत होती, "माजी यनाजा, माजी यनाजा!" पाणी चढतंय, पाणी चढतंय. शेवटी न्गालावा घेऊन निघालेल्या एका मच्छिमाराने वाट वाकडी करून सगळ्यांना आत घेतलं. दोन्ही बाजूंना आडवे दांडे असलेली ती अरुंद होडी, तिच्यात ही चौघं कशी मावली देव जाणे. वहिनीच्या टाचेत सी अर्चिन या काटेरी समुद्री जिवाचे काळे काटे घुसले होते. हॉटेलच्या स्वयंपाक्याने कच्च्या पपईचा चीक आणून लावला, इथला नेहमीचा उपाय तो.

दादा मूर्ख नाही. भरती चढते कशी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी सांगितलं ते त्याने ऐकलं नाही. पाणी सहा तासांत चढतं, पण समान वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे पहिला तासभर "कुठे काय वाढलंय" असं वाटतं, आणि मधल्या दोन तासांत अर्धा चढ होतो. चार मीटरच्या उधाणाला दोन तासांत दोन मीटर. घोट्याएवढ्या पाण्यावर विश्वास ठेवणारे फसतात ते इथेच. माझा नियम सोपा आहे: म्वानीवाल्या बायका निघाल्या की आपणही निघायचं, फोटो अर्धा राहिला तरी.

वेळेचा अंदाज घरबसल्या काढता येतो, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. आपल्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. झांझिबारसाठी त्यात चार मिळवा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, अधिक चार, म्हणजे दहाच्या आसपास भरती. अमावास्या-पौर्णिमेला भरती पहाटे आणि दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराला, म्हणजे सकाळी दहाला ठार ओहोटी. नेमकी नाश्ता करून पोहायला निघायची वेळ! अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धराच. जायच्या आठवड्यात भरतीचं कोष्टक नीट बघा. पण हॉटेल निवडायला हा हिशेब बास.

म्हणून मी आधी तिथी बघते, मग किनारा. षष्ठी ते दशमी असेल तर पूर्व किनारा बेलाशक घ्या: सकाळी पाणी असतं, आणि भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असण्याचे, दिवस असल्यामुळे ओहोटीलाही ते फार लांब पळत नाही. पौर्णिमेच्या आसपास जाणार असाल, बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील आणि दिवसभर पाण्यात डुंबायचं असेल, तर उत्तरेला केंडवा किंवा नुंग्वीची पश्चिम बाजू. तिथे किनारा लवकर खोल होतो, ओहोटीलाही पोहता येतं. तिथली गोम उलटी आहे: उधाणाच्या भरतीला काही हॉटेलांच्या भिंतीपर्यंत पाणी येतं आणि चालायला वाळूच उरत नाही. आणि केंडव्याला पौर्णिमेच्या सुमारास रात्रभर ढणढणाट असतो. आईवडिलांना घेऊन जाताय? मग पार्टी कधी आहे ते आधी विचारा, नाहीतर पहाटे चारला फोन मला येतो.

हे सगळं वाचून पूर्व किनारा रद्द करणाऱ्यांवर माझा वेगळा राग आहे. ओहोटीचं जांबियानी बघण्यासारखं असतं: खड्ड्यांत अडकलेले मासे, तारामासे, वाळूवर सायकल मारत शाळेतून येणारी पोरं. फक्त तारामासा उचलून फोटोसाठी तळहातावर ठेवू नका. पाण्याबाहेर तो मरतो.

मे महिन्याच्या सुट्टीत येणं

शाळांना सुट्टी, ऑफिसातून रजा मिळते, आणि पॅकेज निम्म्या दरात. दर निम्मा का, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत इथे मासिका असतो, म्हणजे मोठा पाऊस. एप्रिल-मेमध्ये कितीतरी हॉटेलं आणि रेस्टॉरंटं चक्क कुलूप लावून रंगरंगोटी काढतात. पाऊस रोज दिवसभर कोसळतो असं नाही, एखादी सकाळ लख्खही निघते. पण पाणी गढूळ, स्नॉर्केलिंगला काही दिसत नाही, आतले रस्ते चिखलाचे. एका कुटुंबाला एजंटने "मान्सून तर इंडियात असतो" असं सांगून पाठवलं होतं. चार दिवस पत्ते खेळून गेले बिचारे. पैसे वाचवायचे तर खोली साधी घ्या, महिना स्वस्त घेऊ नका.

जून ते ऑक्टोबर कोरडा आणि त्यातल्या त्यात गार. गणपतीला जोडून रजा मिळत असेल तर उत्तम. दिवाळीचं मात्र जुगारासारखं आहे: ऑक्टोबरात आली तर साधली, नोव्हेंबरच्या मध्यावर गेली तर वुली, म्हणजे छोटा पाऊस, गाठू शकतो. तरी तो मासिकाइतका छळत नाही. नाताळ-जानेवारी गरम आणि महाग.

वाऱ्याचंही बघा. जून ते सप्टेंबर कुसी वाहतो, दक्षिण-पूर्वेकडून. तो थेट पाजेच्या तोंडावर येतो, म्हणून काइटसर्फिंगवाले तिथे गर्दी करतात आणि म्हणूनच तुमची टोपी उडते. तेव्हा केंडव्याचं पाणी शांत असतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत कास्काझी उत्तर-पूर्वेकडून येतो, मग मातेम्वेच्या बाजूला लाटा उठतात. शिडाची जहाजं याच वाऱ्यांवर शतकानुशतकं आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत ये-जा करत होती. आपल्याला एवढ्याशा बेटावर बाजू निवडायची तर तो हिशेब जड जातो.

बाकीच्या, पटापट

पाज्याला किंवा जांबियानीला समुद्रातला सूर्यास्त शोधू नका. किनारा पूर्वेचा आहे, सूर्य मागे गावात मावळतो. सूर्यास्त हवा तर केंडवा, नाहीतर मिचांवी काए. ते पूर्वेलाच आहे, पण भूशिराच्या आतल्या बाजूला, च्वाका खाडीकडे तोंड करून.

स्टोन टाउनच्या, म्हणजे झांझिबार शहराच्या जुन्या भागाच्या, समोरच्या पाण्यात पोहू नका. शहराचं सांडपाणी आणि बंदराची वर्दळ दोन्ही तिथेच. तिथल्या फोरोधानी बागेत संध्याकाळी खायला जा, अंघोळीला नको.

नाकुपेंडा हा वाळूचा दांडा भरतीला बुडतो. बोट ठरवताना हे विचारत नाहीत आणि मग "अर्ध्या तासात परत आणलं" म्हणून भांडतात.

रबरी बूट घातल्याशिवाय रीफच्या आसपास पाय ठेवू नका. हॉटेलातली चप्पल चालत नाही, पहिल्याच चिखलात ती रुतून बसते.

किझिमकाझीला डॉल्फिनच्या मागे दहा बोटी लागलेल्या असतात आणि माणसं त्यांच्या अंगावर उड्या मारतात. मी पाहुण्यांना तिथे नेत नाही. कुणी रागावलं तरी नाही.

गावातून पोहण्याच्या कपड्यांत फिरू नका. झांझिबार जवळजवळ सगळं मुस्लिम आहे. कुणी काही बोलणार नाही, पण खांदे आणि गुडघे झाकले की दुकानदार कसे बोलायला लागतात ते बघाल. रमजानात दिवसा गावातली खाण्याची हॉटेलं बहुतेक बंद असतात.

पाच रात्रींत चार किनारे करू नका. नकाशावर बेट चिमुकलं दिसतं, पण नुंग्वीहून पाजेला जायला दोनेक तास लागतात. सामान बांधणं आणि चेक-आउट-चेक-इन धरलं तर दिवस गेला. दोन मुक्काम पुरे: एक उत्तर, एक पूर्व, तिथीप्रमाणे पुढे-मागे. "सगळं कव्हर करायचंय" म्हणणाऱ्यांना मी सरळ स्टोन टाउनच्या टॅक्सीवाल्याकडे सोपवते.

ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना झांझिबारचा विमा सक्तीचा आहे, मोठ्या माणसाला ४४ डॉलर. भारतातून काढलेली पॉलिसी त्याजागी चालत नाही. विमानतळावर वाद घालू नका, मागे रांग असते.

केनियाला जाणाऱ्यांसाठी एकच: मालिंदी नावावरून निवडू नका. पावसाळ्यात साबाकी नदी एवढा गाळ आणते की तिथला समुद्र तपकिरी होतो. अर्ध्या तासावर वाटामू आहे, तिथे पाणी स्वच्छ असतं. पण प्रवाळ तिथेही आहे, तेव्हा तिथीचा हिशेब तिथेही करा.

आणि दार-ए-सलाममध्ये एखादा दिवस हाती असेल तर कोको बीचवर पोहायला जाऊ नका. तो भाजलेला मुहोगो, म्हणजे कसावा, खायला आणि रविवारची गर्दी बघायला आहे, तेही मोबाइल खिशात खोल ठेवून. पोहायचं तर कुंदुचीहून बोटीने म्बुद्या बेटावर जा. सागरी अभयारण्याची फी भरावी लागते. खायला तळलेला मासा आणि चिप्स, बाकी फारसं काही नाही. शाकाहारी मंडळींनी डबा न्यावा, पण प्लास्टिकच्या पिशवीत नको. टांझानियात २०१९ पासून त्यांच्यावर बंदी आहे.