जाहिरातीतले साचे कसे ओळखावेत

जाहिरातीतले साचे, म्हणजे माणसांबद्दलच्या ठरीव प्रतिमा, तपासताना वस्तूचे गुण थोडे बाजूला ठेवावेत आणि जाहिरात पाहणाऱ्यात कोणती उणीव गृहीत धरते, हे आधी शोधावे. ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचे क्रीम १९७५ साली बाजारात आले. सावळ्या मुलीला नोकरी किंवा स्थळ मिळत नाही आणि चेहरा उजळताच सगळी दारे उघडतात, अशी त्याच्या अनेक जाहिरातींची गोष्ट असे. गोऱ्या वधूची मागणी आपल्या समाजात त्याआधीपासून होती, हे मान्य करायलाच हवे. मात्र सावळेपण हा उपाय करण्याजोगा दोष आहे, ही समजूत या गोष्टींनी क्रीम न वापरणाऱ्या घरांतही पक्की केली, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२० मध्ये नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. म्हणून आता केवळ ‘गोरेपणा’ हा शब्द शोधून भागत नाही. ‘तेज’, ‘उजळपणा’ असे शब्द आले की नायिकेचा चेहरा सुरुवातीला आणि शेवटी कसा दिसतो, याची तुलना करावी.

घरकामाच्या वस्तूंची जाहिरात एकदा आवाज बंद करून पाहावी. काम कोण करते, बसून कोण राहते, चूक कोणाची दाखवली जाते आणि उपाय कोण समजावतो, एवढेच टिपावे. मग स्त्री-पुरुषांच्या भूमिका मनातल्या मनात बदलाव्यात. प्रसंग विचित्र वाटू लागला, तर साचा तिथेच आहे. स्त्री स्वयंपाक करताना दिसणे एवढ्याने जाहिरात आक्षेपार्ह ठरत नाही. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमनासाठी १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘अ‍ॅस्की’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हा भेद केला आहे: कचेरीतून परतलेली स्त्री एकटीच घरकाम करते आहे आणि बाकीचे निवांत आहेत, असे चित्रण त्यांना अमान्य आहे. एका जाहिरातीवरून निष्कर्ष काढण्याऐवजी त्याच प्रकारच्या वस्तूच्या चार-पाच जाहिराती शेजारी ठेवाव्यात, कारण साचा पुनरावृत्तीतून घडतो.

मुलांबरोबर पाहताना निकाल आधी सांगू नये, “ही मुलगी सुरुवातीला दुःखी का दाखवली असेल?” असे विचारून त्यांना बोलू द्यावे.

आक्षेप गंभीर असेल, तर वाहिनी, तारीख, वेळ आणि शक्य असल्यास चित्रफीत जपून ठेवावी व अ‍ॅस्कीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. तक्रारीत नेमके दृश्य किंवा वाक्य आणि त्यातून निघणारा अर्थ लिहावा.