फॉरेन्सिकच्या प्रात्यक्षिकात या चुका टाळा

न्यायसहायक विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांत दरवर्षी नव्या तुकडीकडून त्याच चुका होताना दिसतात आणि त्यांपैकी बहुतेक चुकांच्या मुळाशी घाई असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) मध्ये सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे आणि ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. आज वर्गात बसलेली मुले उद्या त्या जागी उभी राहणार आहेत. म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे ओला किंवा दमट नमुना प्लास्टिकच्या पिशवीत बंद करणे. पुस्तकात कागदी पाकीट वापरावे असे लिहिलेले असते, मुले ते पाठही करतात, आणि प्रत्यक्षात ‘कागद भिजून फाटेल’ म्हणून हात प्लास्टिककडे वळतो. कागद फाटण्याची भीती वाटते याचाच अर्थ कपडा अजून वाळलेला नाही, हे लक्षात घ्यावे. एका पावसाळ्यात गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी एका गटाने बोकडाच्या रक्ताचे डाग पाडलेला सुती सदरा असाच पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून, कपाटात ठेवला आणि सगळे आपापल्या गावी गेले. सुट्टी संपवून परतल्यावर पिशवी उघडली तेव्हा दुर्गंधीने प्रयोगशाळेच्या खिडक्या उघडाव्या लागल्या. सदऱ्यावर काळी-हिरवी बुरशी धरली होती, आणि थेंबांची दिशा मोजण्यासाठी मुद्दाम पाडलेले डाग घडीतल्या घडीत एकमेकांवर उमटून ओळखू येईनासे झाले होते. त्यातून काढलेला डीएनए जेलवर (विजेच्या प्रवाहाने रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या मऊ थरावर) चालवला, तर ठळक पट्ट्याऐवजी खालपर्यंत ओघळलेला फिकट पट्टा दिसला, म्हणजे रेणूंचे तुकडे झाले होते. त्या गटाचे पुढचे प्रात्यक्षिक तिथेच संपले. खऱ्या गुन्ह्यातला सदरा असता तर दुसरा सदरा कोठून आणणार होते?

माझी सवय अशी आहे की कपडा घडी न घालता, खाली स्वच्छ पांढरा कागद पसरून, सावलीत टांगावा. उन्हात नको, कारण अतिनील किरणांनी डीएनए बिघडतो, आणि केस वाळवण्याच्या यंत्राचा गरम झोतही नको. पंखा लावायचा असेल तर त्याचा झोत थेट कपड्यावर येऊ देऊ नये. कोकणच्या पावसाळ्यात नुसत्या हवेवर कपडा लवकर वाळत नाही, त्यामुळे हवेतला ओलावा शोषणारे यंत्र असलेली बंद खोलीच वापरावी आणि तेवढे दिवस थांबावे. वाळल्यावर प्रत्येक घडीत कोरा कागद घालावा आणि खाली पसरलेला कागदही वेगळ्या पाकिटात ठेवावा, कारण गळून पडलेला केस त्यावरच असतो.

दुसरी चूक रक्ताच्या प्राथमिक चाचणीतली आहे. कास्टल-मेयर चाचणीत आधी फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण, मग थोडा वेळ थांबणे, आणि त्यानंतर हायड्रोजन पेरॉक्साइड, असा क्रम असतो; पेरॉक्साइड टाकताच गुलाबी रंग आला तर रक्ताची शक्यता असते. मधले थांबणे मुलांना वेळेचा अपव्यय वाटते, परंतु पेरॉक्साइडच्या आधीच गुलाबी रंग आला तर तो रक्तामुळे नव्हे, दुसऱ्या एखाद्या ऑक्सिडीकारकामुळे आलेला असतो, आणि दोन्ही थेंब एकापाठोपाठ टाकणाऱ्याला हे कधीच कळत नाही. शिवाय अर्ध्या मिनिटानंतर हवेमुळेही रंग येऊ शकतो, म्हणून उशिरा आलेला गुलाबी रंग मोजू नये. बटाट्यासारख्या वनस्पतींतील पेरॉक्सिडेज हे विकरही तसाच रंग आणून फसवते. माहीत असलेल्या रक्ताचा आणि कोऱ्या बोळ्याचा नमुना सोबत चालवल्याशिवाय मी कोणताही निकाल वहीत लिहू देत नाही, कारण उष्ण हवेत पेरॉक्साइडची जुनी बाटली निकामी होते आणि खरे रक्तही मग ‘नाही’ असे दाखवते.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे निष्कर्षाची भाषा. मासे कापण्याच्या कोयतीवर घेतलेल्या सरावात एका विद्यार्थ्याने अहवालात ‘मानवी रक्त आढळले’ असे लिहिले होते. अभिरूप न्यायालयात बचाव पक्षाच्या भूमिकेतील मुलीने त्याला एवढेच विचारले की सुरमईच्या रक्तात हिमोग्लोबिन नसते का, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हते. चाचणी हिमोग्लोबिनच्या गुणधर्मावर चालते, प्राणी ओळखत नाही; म्हणून ‘रक्त असण्याची शक्यता आहे’ एवढेच लिहावे, आणि पुढचे काम रक्ताची खात्री करणाऱ्या ताकायामा चाचणीवर व प्रजाती ठरवणाऱ्या चाचण्यांवर सोडावे.

बोटांच्या ठशांच्या सरावात कपाळावर किंवा नाकावर बोट घासून ठसा उमटवणे बंद करावे. असा तेलकट ठसा कोणत्याही भुकटीने सुंदर उठतो आणि शिकणाऱ्याला खोटा आत्मविश्वास देतो. ओलसर पृष्ठभागावर भुकटी मारू नये, चिखल होतो; खाडीतून काढलेल्या ओल्या वस्तूंसाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे निलंबन (द्रवात तरंगणारे त्याचे बारीक कण) असते, ते वापरायला शिकावे. उचलण्याआधी छायाचित्र घ्यावे. मोजपट्टी ठशाच्याच पातळीत ठेवावी.

पुळणीवरच्या पावलाचा साचा घेताना जवळ आहे म्हणून समुद्राचे पाणी प्लास्टरमध्ये कालवू नये. मिठामुळे प्लास्टर लवकर घट्ट होऊ लागते आणि बारीक खुणांपर्यंत पोहोचण्याआधीच जाड होते. घरून गोडे पाणी न्यावे, ओलावा धरलेली प्लास्टरची उघडी पिशवी वापरू नये, आणि मोकळ्या वाळूवर आधी केसांचा स्प्रे दुरून मारावा. साचा उचलण्याची घाई केल्यास तो हातात तुटतो.

बुडालेल्याच्या हाडांतील मज्जेत डायटम (पाण्यातील सूक्ष्म शैवाल) शोधण्याचा सराव करणाऱ्यांनी काचेची भांडी नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याने धुऊन थांबू नये. डायटमचे कवच सिलिकाचे असते, ते नायट्रिक आम्लातही टिकते. मग भांड्याला चिकटलेले डायटमही टिकते. शेवटचे धुणे ऊर्ध्वपातित पाण्याचे असावे आणि प्रत्येक वेळी मज्जेविना एक कोरा नमुना शेजारी चालवावा.

हातमोजे प्रत्येक वस्तूनंतर बदलावेत. नमुन्यावर वाकून बोलू नये.

राहिली नोंद. पाकिटावरचा मजकूर नमुना आत घालण्यापूर्वी लिहावा, नंतर लिहिल्यास पेनाच्या दाबाने आतली वस्तू खराब होऊ शकते. चिकटपट्टीवरून सही अशी करावी की तिचे एक टोक कागदावर आणि एक टोक पट्टीवर येईल. आणि पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात गेले की तारीख, वेळ व सही त्याच क्षणी नोंदवावी, चहा पिऊन आल्यावर नव्हे.