घरपट्टी कमी करायला गेलो आणि भलतंच सापडलं

गोव्यात बार्देशात आमचा फ्लॅट आहे, गेल्या वर्षी समोरचा तसाच फ्लॅट आमच्या खरेदीपेक्षा सहा लाख कमीने गेला, तेव्हा म्हटलं भाव पडलाय तर घरपट्टीपण उतरायला हवी ना. हे डोक्यात भरवलं कॅलिफोर्नियातल्या भावजींनी. तिकडे 1978 च्या प्रपोझिशन 13 मुळे (प्रपोझिशन म्हणजे लोकांच्या मतदानाने झालेला कायदा) टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के वाढते, आणि 1 जानेवारीला बाजारभाव त्याच्या खाली असला तर प्रपोझिशन 8 प्रमाणे तात्पुरती उतरवतात. बाजार सावरला की परत चढते, ते भावजींनी नंतर हळूच सांगितलं!

पंचायतीत गेलो तर क्लार्क हसला, "सायबा, तुमच्या बिलात भाव आहेच कुठे? चौरस मीटर गुणिले दर, झालं." बरोबरच होतं त्याचं, भाव वाढला तेव्हा तरी मी कुठे जास्त भरायला आलेलो.

पण बिल नीट बघितलं तर क्षेत्रफळ 96 चौरस मीटर, आणि सेल डीडमध्ये बिल्टअप 78, म्हणजे 96 हा बिल्डरचा सुपर बिल्टअप आकडाच, जिना लॉबी सगळं धरून, कुणीतरी रजिस्टरात चढवलेला. मग अर्ज, सेल डीडची झेरॉक्स, मंजूर प्लॅन आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (राहायला परवानगीचा दाखला) जोडून दिलं, दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का मारून घेतला (हा विसरू नका, पहिला अर्ज माझा हरवलेला). दोन महिन्यांनी माणूस टेप घेऊन आला, बाल्कनी मोजली, आणि या वर्षीचं बिल 78 वर आलं. जुने जादा पैसे मागतोय अजून.