राज्याचा स्वयंरोजगार दर देशाशी ताडताय? या चुका टाळा

राज्याचा स्वयंरोजगार दर, म्हणजे कामकरी लोकांपैकी स्वयंरोजगारातल्यांचा टक्का, देशापेक्षा जास्त निघाला की ‘आपल्याकडे उद्योजक जास्त’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. सर्वांत मोठी चूक हीच, आणि मला ती फार टोचते. केंद्राच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात (पीएलएफएस) स्वयंरोजगार या एका शब्दात तिघे जण येतात: माणसं कामाला ठेवणारा मालक, पगारी माणूस न ठेवता धंदा करणारा, आणि घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारा. २०२३-२४ मध्ये देशातल्या कामकरी स्त्रियांपैकी ६७.४ टक्के स्वयंरोजगारात होत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त या तिसऱ्या गटातल्या. दिवसभर राबूनही ज्यांच्या हातात मजुरी पडत नाही, त्यांना उद्योजक म्हणणं अन्यायाचं आहे. तिन्ही गट वेगळे काढूनच तुलना करा.

दुसरी चूक शेतीकडे काणाडोळा करण्याची. समजा, राज्यात आणि देशात दोन्हीकडे शेतीतले ८० टक्के आणि बिगरशेतीतले ४० टक्के लोक स्वयंरोजगारी आहेत. राज्यात ६० टक्के कामकरी शेतीत आहेत, देशात ४० टक्के. हिशेब करा: राज्याचा दर ६४, देशाचा ५६. कोणत्याच क्षेत्रात काडीचा फरक नाही, तरी एकूण आकडा आठाने पुढे! म्हणून आधी बिगरशेतीचा दर बघा, मग एकूण.

आकडे जुळत नसतील तर छेद, म्हणजे टक्का कोणत्या एकूण संख्येवर काढलाय ते, तपासा. हा दर कामकरी लोकांमधला असतो, एकूण लोकसंख्येतला नव्हे. एकीकडे वर्षभराच्या ‘सामान्य स्थिती’चा आकडा आणि दुसरीकडे फक्त मागच्या सात दिवसांच्या ‘चालू साप्ताहिक स्थिती’चा, अशी सरमिसळही नेहमी होते. वर्षही बघा: २०२४ पर्यंत वार्षिक अहवाल जुलै ते जून असायचे, जानेवारी २०२५ पासून कॅलेंडर वर्ष धरलं जातं.

दर वाढला म्हणजे भरभराट झाली असंही समजू नका. देशाचा दर २०१७-१८ मध्ये ५२.२ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ५८.४. पगाराची नोकरी मिळत नाही म्हणून घरच्या कामाला लागलेला माणूसही याच आकड्यात मोजला जातो. त्यामुळे शेजारी नियमित पगारदारांचा हिस्सा आणि स्वयंरोजगारातली सरासरी कमाई मांडा.

छोट्या राज्यात शहरी स्त्रियांसारखा गट घेतला तर नमुना, म्हणजे सर्वेक्षणात प्रत्यक्ष विचारलेल्या माणसांची संख्या, फार लहान होतो. तिथे एका वर्षाच्या चढउतारावर विसंबू नका. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून बघा.