मीठ खरंच कमी झालं का? ठाणे-नवी मुंबईत मोजायचं कसं

किती पत्रकं वाटली, किती शिबिरं भरली, यावरून मीठ कमी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम लागू पडला की नाही ते कळत नाही. लोकांना विचारूनही कळत नाही. आमटीत, पापडात, सुकटीत किती मीठ गेलं याचा हिशोब कुणाकडे नसतो. भरवशाचा मार्ग एकच, चोवीस तासांची लघवी. खाल्लेल्या मिठातलं बहुतेक सोडियम, साधारण 90 टक्के, तिच्यातूनच बाहेर पडतं.

पहिली फेरी कार्यक्रम सुरू होण्याआधी घ्या. शिबिराला आलेली माणसं निवडू नका, ती आधीच सावध असतात. गावठाण, चाळ आणि सोसायटी अशा तिन्ही वस्त्यांतून चिठ्ठ्या टाकून घरं काढा. ब्रिटनमध्ये माणशी रोजचं मीठ सरासरी 9.5 ग्रॅमवरून 8.1 वर यायला 2001 ते 2011 अशी दहा वर्षं लागली. म्हणजे पकडायचाय तो ग्रॅमभराचा फरक. त्यासाठी पुरुष आणि स्त्रिया या दोन्ही गटांत दर फेरीला प्रत्येकी सुमारे 200 पूर्ण नमुने लागतात. काही वाया जाणारच, म्हणून प्रत्येक गटात 250 जणांची तयारी ठेवा.

सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत, तीही धरून, सगळी तीन लिटरच्या कॅनमध्ये. घोळ होतो तो घराबाहेर. कळव्याहून सकाळची लोकल पकडणाऱ्याची दुपारची लघवी ऑफिसातच जाते. त्याला झाकणाची अर्ध्या लिटरची बाटली आणि आतलं न दिसणारी पिशवी द्या. रविवार सोयीचा वाटतो, पण त्या दिवशी घरोघरी मटण-मासळी असते. त्यामुळे सगळे वार सारखे वाटून घ्या. मे महिन्यात घामातून सोडियम जातं, श्रावणात उपवास असतात, म्हणून कार्यक्रमानंतरची दुसरी फेरी पहिली ज्या महिन्यात झाली त्याच महिन्यात करा.

कॅन हलवून, एकूण माप लिहून, मग 10 मिली नमुना काढा. अर्ध्या लिटरहून कमी भरलेला किंवा एकाहून जास्त वेळची लघवी ज्यात यायची राहिली असा कॅन बाद. क्रिएटिनिनही तपासा. हा पदार्थ लघवीतून रोज साधारण ठरावीक प्रमाणात जातो, त्यामुळे अपुरा नमुना त्यात उघडा पडतो. 1.6 लिटर लघवी आणि लिटरला 95 मिलिमोल सोडियम असेल, तर एकूण 152 मिलिमोल. एक ग्रॅम मिठात साधारण 17 मिलिमोल सोडियम असतं, म्हणून त्याला 17 ने भागलं की 8.9 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आहे.

त्याच नमुन्यात पोटॅशियम आणि आयोडीनही बघा. कमी सोडियमचं, पोटॅशियम मिसळलेलं मीठ घरात आलं की पोटॅशियम वाढतं, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते धोक्याचं ठरू शकतं. मीठ घटताना आयोडीनही घटत नाही ना, हेही कळलंच पाहिजे.

मीठ कमी करायचं ते रक्तदाब उतरावा म्हणून, तेव्हा तोही मोजा. रक्तदाब पाच मिनिटं शांत बसवून, दंडाच्या मापाचा पट्टा बांधून तीनदा घ्या आणि शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी धरा. गोळ्या चालू आहेत का, ते प्रत्येकाचं नोंदवा. आशाताईंच्या तपासणीतून नवे रुग्ण औषधांवर आले की वस्तीचा सरासरी रक्तदाब तेवढ्यानेही उतरतो, आणि ते श्रेय मिठाच्या खात्यात जमा होता कामा नये.